समक्ष हजर

बडोद्यात जन्मलेल्या मराठी मनुष्यास दोन गोष्टी वारशाने मिळतात : सयाजीराव महाराजांविषयीचा अभिमान आणि सरकारी कागदाविषयीची भक्ती. घर, जमीन, दागिने यांचे भावाभावांच्या वाटण्यांत तुकडे पडतात; या दोहोंची वाटणी मात्र कोणी मागत नाही, आणि म्हणून त्या प्रत्येकाच्या पदरी पूर्णांशाने पडतात. माझे आजोबा गायकवाडी अमलात एका वहिवटदाराच्या कचेरीत कारकून होते. त्यांच्या मागे राहिलेली पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा तीत सोने निघेल या आशेने जमलेल्या आप्तमंडळींस कबुलायती, मुचलके, फर्दा आणि दाखले यांचेच दर्शन घडले, व ती पेटी एकमताने माझ्या वडिलांस देण्यात आली. मी स्वतः छत्तीस वर्षे एका कचेरीच्या बारनिशीत बसून येणाऱ्या कागदास आवक क्रमांक आणि जाणाऱ्या कागदास जावक क्रमांक देण्याचे कार्य इतक्या निष्ठेने केले की, निवृत्तीच्या दिवशी हाती पडलेल्या नारळासही क्रमांक घालण्याचा मोह मला मोठ्या कष्टाने आवरावा लागला.

अशा मनुष्याने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मुक्त विद्यापीठातून इतिहासाची एम. ए. करण्याचे मनात आणावे, यात वस्तुतः नवल वाटण्याजोगे काही नव्हते. परंतु दांडिया बाजारातील आमच्या घरी ही वार्ता मी झोपाळ्यावर बसून जाहीर करताच झोपाळा थांबला. "अहो, इतिहासजमा व्हायच्या वयात इतिहास शिकायला निघालात!" एवढेच बोलून सौभाग्यवती स्वयंपाकघरात गेल्या. मी मुक्त विद्यापीठ निवडले त्याचे कारण ज्ञानलालसेपेक्षा गुडघ्यांशी अधिक निगडित होते. दूरस्थ शिक्षणाची माहितीपुस्तिका मी तीन वेळा वाचली, आणि तिचा एकंदर आशय मला असा लागला की, विद्यार्थ्याने जागचे हलू नये, विद्याच त्याच्याकडे चालत येईल. गुडघेदुखीने पीडलेल्या मनुष्यास याहून रम्य वचन उपनिषदांतही आढळणार नाही.

या वचनामागे केवळ पुस्तिकाकाराची कल्पनाशक्ती नव्हती, परंपराही होती. १९६२ साली दिल्ली विद्यापीठाने टपालाने धडे पाठविण्याचा विभाग उघडला. १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, १९८९ मध्ये नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि १९९४ मध्ये अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ अशी ही वंशावळ वाढत गेली, आणि २०१७ पासून 'स्वयम्' या सरकारी व्यासपीठावरून तर विद्या भ्रमणध्वनीच्या पडद्यावर विनामूल्य उतरू लागली. शिवाय दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने मिळविलेली मान्यताप्राप्त पदवी ही नित्य वर्गात बसून मिळविलेल्या पदवीच्या तोडीचीच मानावी, असा विद्यापीठ अनुदान आयोगाचाही निर्वाळा आहे. थोडक्यात, माझी भावी पदवी कोणापेक्षाही उणी नव्हती. उणीव होती ती एकाच गोष्टीची. लहानपणी माझी शिष्यवृत्ती एका गुणाने हुकली होती, आणि ते शल्य पन्नासाहून अधिक वर्षे उरात बाळगल्यानंतर आता पुन्हा विद्यार्थिदशा प्राप्त झालीच आहे, तर सरकारकडून चार पैशांचे साहाय्य मिळवून ते काढून टाकावे, असे मी ठरविले.

प्रथम मी केंद्र सरकारच्या, महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी असलेल्या गुणवत्ता-शिष्यवृत्तीची नियमावली मागविली. मागविली म्हणजे नातवाने ती पडद्यावर दाखविली व मी तिची प्रत काढवून घेतली. कारण जो नियम पेन्सिलीने अधोरेखित करता येत नाही, तो मला कळत नाही. बारावीच्या परीक्षेत ऐंशीच्या वरचे शततमक (पर्सेंटाइल) हवे, हे मी मनाची तयारी करून वाचले. माझ्या काळी बारावीच नव्हती, जुनी अकरावी होती, ही सबब मी मनात रचूनही ठेवली. पण पुढे एक वाक्य असे आले की पेन्सिलीचे टोक मोडले. पत्रद्वारा अथवा दूरस्थ पद्धतीने शिकणारे विद्यार्थी या शिष्यवृत्तीस पात्र नाहीत! म्हणजे पदवीच्या तराजूत आम्हांस इतरांबरोबर समसमान तोलणारे सरकार पैशाच्या तराजूपाशी येताच आमच्यामधील अंतर डोळ्यांस दुर्बीण लावून मोजत होते. दुरून डोंगर साजरे, ही म्हण आजवर मी डोंगराच्या बाजूने कधी ऐकली नव्हती. त्या दिवशी प्रथमच जाणवले की डोंगरासही दुरून आम्ही विद्यार्थी साजरेच दिसत असले पाहिजेत, फक्त आम्ही जवळ येऊ नये एवढीच त्याची इच्छा असते.

हा दोष एकट्या आपल्या सरकारचा नव्हे, हे सांगितले पाहिजे. अमेरिकेसारख्या सधन देशातही केवळ पत्रद्वारा शिकणारा विद्यार्थी, त्याने अहोरात्र अध्ययन केले तरी, सरकारी साहाय्याच्या हिशेबात अर्धवेळ विद्यार्थ्याहून अधिक कधीच गणला जात नाही. आणि १९९२ साली तेथील कायदेमंडळाने असा दंडक घातला की, ज्या संस्थेचे निम्म्याहून अधिक विद्यार्थी वा अभ्यासक्रम टपालाने चालतात, त्या संस्थेच्या विद्यार्थ्यांस सरकारी साहाय्य मिळू नये. संगणकाद्वारे दूरवर शिकविणाऱ्या संस्थांस हा काच असह्य झाला, तेव्हा त्यांच्यापुरता तो २००६ साली सैल करण्यात आला. टपालवाल्यांच्या वाट्यास तो होता तसाच राहिला. त्या देशात भामट्या संस्था विद्यार्थ्यांच्या नावावर सरकारी द्रव्य उकळीत, म्हणून हा बंदोबस्त करावा लागला, हे खरे. तथापि जगातील सर्व सरकारांच्या अंतःकरणात एक समान शंका वसत असते, ती ही की, जो विद्यार्थी डोळ्यांपुढे दिसत नाही, तो मुळी असतो तरी काय?

रविवारच्या संपर्कवर्गात माझी एका सहाध्यायाशी ओळख झाली. वय तेवीस, वडिलांचे सायकलदुरुस्तीचे दुकान, हा दुकानात बसून पंक्चरे काढी आणि उरलेल्या वेळात मोगलांचा महसूल वाची. एकाच यत्तेत असूनही तो मला "काका" म्हणे, व मी त्यास "अरे" म्हणे. विद्यापीठाने समान केलेल्यांस महाराष्ट्रधर्माने पुन्हा पायरीवर बसविले होते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी जी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तीस तो पात्र होता, आणि तेव्हा लागू असलेल्या २०१० च्या नियमांत दूरस्थ विद्यार्थ्यांस स्पष्ट स्थान दिलेले होते. शुल्काची प्रतिपूर्ती, आणि शिवाय ग्रंथांसाठी वर्षास १,२०० रुपये! ही रक्कम दिवसास सव्वातीन रुपयांहून किंचित अधिक पडते. मी ती नियमावली व्यवसायधर्मास अनुसरून बारकाईने वाचली, आणि तिच्यातील तर्कशास्त्राने थक्क झालो. वसतिगृहात राहणाऱ्यास निर्वाहभत्ता. घरून महाविद्यालयात जाणाऱ्यास त्याहून कमी निर्वाहभत्ता. आणि घरीच बसून शिकणाऱ्यास निर्वाह नाही, केवळ ग्रंथ. विद्यार्थी जसजसा आईच्या चुलीजवळ सरकतो तसतशी त्याची क्षुधा क्षीण होत जाते, आणि दूरस्थ शिक्षणाची दीक्षा घेताच तो वाळवीप्रमाणे पुस्तकांवरच जगू लागतो, हा शरीरशास्त्रातील शोध आमच्या वित्तखात्यांनी लावलेला आहे.

"अरे, अर्ज करायचा म्हणजे काय, हे तू मला विचार," असे मी त्यास अभिमानाने सांगितले. छत्तीस वर्षांचा अनुभव होता. पण अर्ज कागदावर नव्हता, पडद्यावर होता. आणि पडद्यावरच्या अर्जास समास नसतो, मायना नसतो, 'कृपावंत' नसते, 'आज्ञाधारक' नसते. असतात ते चौकोन. एका चौकोनात प्रश्न होता : विद्यार्थी वसतिगृहात राहतो की घरून ये-जा करतो? मी म्हणालो, "तू वसतिगृहात राहत नाहीस, पण तू ये-जा तरी कुठे करतोस?" तो म्हणाला, "काका, तिसरा पर्यायच नाही." मी चष्मा पुसून पाहिले. खरेच नव्हता. ज्या अभ्यासक्रमाचे सारे माहात्म्य न येण्यात आणि न जाण्यात होते, त्याच्या विद्यार्थ्यास साहाय्य हवे असेल तर त्याने येत-जात असल्याचे प्रतिज्ञेवर सांगणे क्रमप्राप्त होते. त्याने 'ये-जा' हा पर्याय निवडला. आणि पुढील चार महिन्यांत ते प्रतिज्ञापत्र अक्षरशः सत्य ठरले.

प्रथम आम्ही उत्पन्नाच्या दाखल्यासाठी गेलो. गुजरातीत यास 'आवकनो दाखलो' म्हणतात. ज्याने आयुष्यभर 'आवक' म्हणजे बाहेरून आलेले टपाल असे मानले, त्याच्या कानांस हा शब्द अजूनही चमत्कारिक लागतो. मला प्रत्येक वेळी वाटते की, आता कोणी तरी जावकेचाही दाखला मागेल, आणि तो मात्र मी विनाविलंब देऊ शकेन. खिडकीमागील गृहस्थांनी आम्हां दोघांकडे पाहून मला विचारले, "काका, आमांथी विद्यार्थी कोण?" मी म्हणालो, "अमे बेउ." त्यांनी माझे केस पाहिले, काठी पाहिली, विद्यापीठाच्या शुल्काची पावती उलटसुलट करून पाहिली, आणि शेवटी, वेड्यास दुखवू नये अशा मृदू स्वरात, "सर्वर डाउन छे, काले आवजो," असे सांगितले. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्याचे वडील समक्ष हजर हवे होते. तिसऱ्या दिवशी वडील आले, तर दुकान बंद ठेवल्यामुळे त्या दिवसाचे उत्पन्नच बुडाले, आणि आता दाखल्यात ते वजा होईल काय, असा प्रश्न मी केला. त्यावर कोणी हसले नाही.

मग आधारपडताळणी. सहाध्यायाने यंत्रावर अंगठा ठेवावा तर अंगठा उमटेना. वर्षानुवर्षे रबर घासून, द्रावण लावून, काट्याकुट्यांशी झगडून त्या अंगठ्यावरील रेषा पुसून गेल्या होत्या. मी विषण्ण होऊन विचार करू लागलो. माझ्या आजोबांच्या पेटीतील निम्म्या कागदांवर 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा' असे लिहिलेले आहे. ज्यास सही येत नाही तो अंगठा उठवी, आणि अंगठ्याकडून सहीकडे जाणे यासच आपण शंभर वर्षे साक्षरता म्हणत आलो. आता एम. ए. पर्यंत पोहोचलेल्या मुलाची वळणदार सही कोणी पाहावयास तयार नव्हते. त्याने साक्षर असल्याबद्दलचे साहाय्य मागताना पुन्हा अंगठाच पुढे करावयाचा होता, आणि तोही नापास होत होता. लिंबाच्या फोडीने अंगठा चोळल्यावर सातव्या प्रयत्नास यंत्राने त्यास ओळखले. सरस्वतीचा प्रसाद म्हणून ती फोड जपून ठेवावी असे मला वाटले.

संस्थेच्या प्रमाणीकरणासाठी अभ्यासकेंद्रात जावे, तर केंद्र म्हणे विभागीय कार्यालयात जा. विभागीय कार्यालयाने, विद्यार्थी समक्ष हजर असून त्याने मूळ कागद दाखविले, असा शेरा केंद्राकडूनच आणावा असे सुचविले. 'समक्ष हजर' हे शब्द मला आजोबांच्या पेटीत पदोपदी भेटले होते, परंतु त्यांचा महिमा मला आताच कळला. विद्या दुरून देता येते, व्याख्यान दुरून देता येते, परीक्षेचा निकालही दुरून लावता येतो. संशय मात्र समक्षच घ्यावा लागतो. घरी येऊन मी हे सारे सांगत असता नातवाने पडद्यावरून आणखी एक माहिती पुरविली : इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ तुरुंगातील कैद्यांकडून शिक्षणशुल्क घेत नाही. विचार करता मला ते न्याय्यच वाटले. साऱ्या विद्यार्थिवर्गात तोच एक असा की जो निश्चितपणे एका जागी सापडतो. "म्हणजे तुमच्यासाठी एक मार्ग अजून मोकळा आहे तर," असे सौभाग्यवती म्हणाल्या आणि निवडलेली मेथी घेऊन आत गेल्या.

त्या रात्री मला, बडोदेकरांस अडचणीच्या वेळी येते तशी, महाराजांची आठवण आली. १८९३ साली अमरेली महालात आणि १९०६ पासून साऱ्या राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दंड होई. त्या काळी विद्यार्थी सरकारपासून पळत असे आणि सरकार त्याच्या पाठीस लागे. आता धावण्याची दिशा तेवढी बदलली आहे. पुढे १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाच्या ग्रंथपालास अमेरिकेहून आणविले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणविले. त्यात एक विभाग फिरत्या ग्रंथालयाचा होता. निवडक पुस्तकांनी भरलेली लाकडी पेटी खेड्यात पाठवावयाची, गावकऱ्यांनी ती वाचावयाची, मग ती परत यावयाची आणि दुसरी जावयाची; वाहतुकीचा खर्च सरकारचा. मला दूरस्थ शिक्षणाची याहून नेटकी व्याख्या ठाऊक नाही. पेटी येई-जाई, आणि मनुष्य घरी असे. आजोबांच्या मालकाने ही योजना केली तेव्हा त्या पेटीने कोणत्या खेडुतास वसतिगृहात राहतोस की ये-जा करतोस, असे विचारल्याचे ऐकिवात नाही. राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत देणारा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोशही याच दरबाराने १९३१ साली छापविला. आठही भाषांत सरकारास जे सांगता येते ते आज एका चौकोनात का मावत नाही, हे मात्र त्या कल्पतरूखाली बसूनही कळणार नाही.

आणि तरीही, महाराजांच्या नावाने केवळ उसासे टाकून भागणार नाही. कारण बडोद्याने दिलेल्या सर्वांत थोर शिष्यवृत्तीची कथा या शहराने मान खाली घालून ऐकावी अशी आहे. ४ जून १९१३ रोजी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाने बडोदे सरकारशी करार केला : तीन वर्षे दरमहा साडेअकरा पौंड, कोलंबिया विद्यापीठात अध्ययन, आणि परतल्यावर दहा वर्षे संस्थानची चाकरी. समुद्रापलीकडे शिकणाऱ्यास दरबाराने एवढ्या अंतरावरून हात दिला. १९१७ साली तो तरुण करार पाळण्यासाठी येथे समक्ष हजर झाला, तेव्हा या शहरात त्यास राहावयास खोली मिळाली नाही; पारशांच्या विश्रामगृहातूनही त्यास बाहेर काढण्यात आले, आणि कमाटीबागेत एका झाडाखाली बसून त्याने जे अश्रू ढाळले त्यांस कोणत्याही नियमावलीत प्रतिपूर्ती नाही. शिष्यवृत्तीने हजारो कोसांचे अंतर तोडले, आणि शेजाऱ्याने चार हातांचे अंतर राखले. हा परिच्छेद विनोदी लेखात शोभत नाही, हे मी जाणतो. पण दूरस्थ या शब्दाचा इतिहास बडोद्यात सांगावयाचा तर तो वगळता येत नाही, आणि माझा सहाध्यायी तर तो मला तोंडपाठ सांगू शकत होता.

चार महिन्यांनी संदेश आला की रक्कम जमा झाली. खात्यात पाहिले, तर नाही. दुसऱ्या बँकेत पाहिले, तर नाही. अखेर असा उलगडा झाला की, आधारक्रमांकाशी शेवटचे जोडलेले खाते हे कधी काळी गॅसच्या अनुदानासाठी उघडून विसरलेले तिसरेच होते, आणि सरकारचे द्रव्य अचूक तेथे जाऊन निमूटपणे बसले होते. ते खाते दीर्घकाळ व्यवहार नसल्याने निष्क्रिय झालेले होते. ते जागे करण्यासाठी खातेदाराने काय करावयाचे, हे सुज्ञ वाचकांस आता सांगावयास नको. आम्ही दोघेही समक्ष हजर झालो. अंगठ्यासाठी मी या वेळी घरूनच लिंबू नेले होते.

माझ्या शिष्यवृत्तीचे म्हणाल तर ते शल्य उरात जसे होते तसेच आहे. वार्षिक उत्पन्न, वय, जुनी अकरावी आणि घरबसलेपण या चारही दरवाजांवर मी नामंजूर झालो. 'स्वयम्'वरील एक अभ्यासक्रम मात्र विनामूल्य करीत आहे, व त्यातील प्राध्यापक मला रोज रात्री नऊ वाजता समक्ष भेटतात. सहाध्यायाने बाराशे रुपयांतून काही पुस्तके घेतली. झेरॉक्स, रिक्षा आणि बुडालेली पंक्चरे यांचा हिशेब मी त्यास मांडून दाखविणार होतो, पण त्याने मला थांबविले. "काका, पुस्तके तर आली ना?" एवढेच तो म्हणाला, पण ठेवायची कुठे, हा त्याचा प्रश्न होता. मी माळ्यावरून आजोबांची पत्र्याची पेटी काढली, कबुलायती आणि मुचलके एका पिशवीत बांधले, आणि पेटी त्याच्या दुकानी पोहोचती केली. छत्तीस वर्षांच्या सवयीस अनुसरून जावक क्रमांक घालूनच.

परवा तिकडून जाताना पाहिले. पेटी दुकानात ट्यूबांच्या चळतीशेजारी उघडी होती, आणि आसपासची पाच-सहा मुले तीतील पुस्तके चाळीत बसली होती. त्यांस अर्ज नव्हता, दाखला नव्हता, वसतिगृह आणि ये-जा यांचा चौकोन नव्हता. पेटीच्या झाकणावर मात्र आमच्या सहाध्यायाने आपल्या वळणदार हस्ताक्षरात एक नियम चिकटविलेला होता : पुस्तक आठ दिवसांत परत न आणल्यास वाचकाच्या सायकलीची हवा सोडण्यात येईल, मात्र त्यासाठी सायकल समक्ष हजर असणे आवश्यक आहे.